रिबन बारवरून माणूस ओळखता येतो की आपणच गोष्टी रचतो? (जर्मन मेडलं)

फितीवाला_म्युनिक
इथे मेडलवाले बरेच दिसतात म्हणून मुद्दाम वाद काढतोय. माझं म्हणणं, जर्मन मेडलं गोळा करायचीच असतील तर सुट्टी मेडलं सोडा आणि रिबन बार घ्या. रिबन बार म्हणजे युनिफॉर्मवर खिशाच्या वर लावायची ती रंगीत फितींची पट्टी, रोज कोण सगळी मेडलं लटकवून फिरणार म्हणून नुसत्या फिती. सुटा आयर्न क्रॉस, म्हणजे जर्मन फौजेचं ते ओळखीचं पदक, काय सांगतो? काही नाही, १९१४ चा सेकंड क्लास पहिल्या महायुद्धात ५० लाखांच्या आसपास वाटला होता. पण बारवर फिती ठरलेल्या क्रमाने येतात, त्यामुळे माणसाची अख्खी नोकरी डावीकडून उजवीकडे वाचता येते.

परवा जुन्या बाजारात एक मिळाला, पाच फिती. पहिली १९१४ चा आयर्न क्रॉस, काळी फीत पांढऱ्या रेघा. दुसरी बवेरियाचा, म्हणजे आमच्या म्युनिकच्या राज्याचा मिलिटरी मेरिट क्रॉस, वर छोट्या तलवारी. तिसरी हिंडेनबुर्ग क्रॉस, १९३४ ला काढलेला तो, त्यावरही तलवारी. मग ऑस्ट्रियाचं आणि हंगेरीचं युद्ध-स्मृती मेडल. सरळ आहे ना, बवेरियन सैनिक, आघाडीवर लढलेला, शौर्य गाजवलेला आणि पुढे ऑस्ट्रो-हंगेरियन फौजेबरोबर गॅलिशियात (आजचं दक्षिण पोलंड-पश्चिम युक्रेन) नाहीतर इटलीच्या डोंगरात गेलेला. नाव नसलं तरी माणूस उभा राहतो डोळ्यासमोर.

खवचट_खविस
झालं, निघाली कादंबरी. अहो ती ऑस्ट्रिया आणि हंगेरीची मेडलं युद्ध संपल्यावर दहा-पंधरा वर्षांनी निघाली, जुने सैनिक अर्ज करायचे, फी भरायचे आणि घ्यायचे. तुमचा माणूस फ्रान्समधल्या खंदकात बसून राहिला असेल, हंगेरी नकाशातसुद्धा बघितली नसेल, तरी ती फीत त्याच्या छातीवर येऊ शकते. हिंडेनबुर्ग क्रॉसही अर्जावरच मिळायचा, ८० लाखांच्या घरात वाटले. म्हणजे पाचातल्या तीन फिती 'अर्ज केला' एवढंच सांगतात, गॅलिशिया तुम्ही घुसवलंत.

फितीवाला_म्युनिक
अर्जावर असला म्हणून काय झालं, हिंडेनबुर्ग क्रॉसचे तीन प्रकार होते की. आघाडीवर लढलेल्यांना तलवारींसकट, बाकी सैनिकांना तलवारींशिवाय, आणि मेलेल्यांच्या बायका-आईबापांना काळा. ह्याच्यावर तलवारी आहेत. आयर्न क्रॉसची फीतसुद्धा काळीवर पांढरी आहे, बिगर-लढाऊ लोकांची उलटी असायची, पांढरीवर काळी. तेव्हा माणूस आघाडीवर होता हे दोनदा सिद्ध झालं. गॅलिशिया सोडतो, बवेरिया नाही सोडणार.

खवचट_खविस
बवेरियाचंही सांभाळून. जर्मनी तेव्हा एक देश असला तरी मेडलं प्रत्येक राज्याची वेगळी, प्रशिया, सॅक्सनी, बवेरिया, वुर्टेम्बर्ग, अगदी हाम्बुर्ग-ब्रेमेन-ल्युबेक ह्या शहरांचेसुद्धा १९१५ पासून आपापले क्रॉस, आणि शेजारच्या राज्याची माणसं बरोबर लढत असली की त्यांनाही देऊन टाकायचे. शिवाय ह्या बवेरियन क्रॉसचे तीन वर्ग होते आणि फितीवरून वर्ग कळत नाही. 'शौर्य' कुठून आलं मग?

दोरा_आणि_सुई
तुमचं भांडण चालू द्या पण आधी बार खरा आहे का ते तरी बघितलंत का? सगळे जण यूव्ही टॉर्च मारतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या धाग्यात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून घालतात ते रसायन असतं, ते टॉर्चखाली निळसर-पांढरं चमकतं, जुना सुती किंवा रेशमी धागा चमकत नाही. पण एखाद्या आजीबाईनं खरी फीत साबणाच्या पावडरीनं धुतली असेल तर तीही चमकते, आणि दुसरीकडे जुन्या फितींची न वापरलेली रिळं अजून मिळतात, ती आणून आज घरी बसून बार शिवला तर टॉर्चखाली अगदी साधूसारखा शांत दिसेल. म्हणून मी समोरून बघतच नाही, पालथा करते. मागचं फेल्ट (जाड लोकरी कापड) कुठे कसर लागून विरलंय का, पिनेचा गंज फेल्टमध्ये नेमका पिनेखालीच उतरलाय का, टाके एकाच दोऱ्याचे आहेत का मधेच दोरा बदललाय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फीत जिथे मागे दुमडून शिवलेली असते ती घडी हळूच उचलून बघायची, आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद हवा. बाहेर वर्षानुवर्षं ऊन लागलेलं असतं, आत नाही. दोन्हीकडे रंग सारखा असेल तर मी हात लावत नाही. आणि पाच फितींपैकी एकच ताजी दिसत असेल तर डीलरनं किंमत वाढवायला ती घुसवलीय असं समजायचं, बहुतेक वेळा ती महागडीच असते.

साताऱ्याचा_पाहुणा
मला एक कळत नाही राव. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, पहिल्या महायुद्धापासून घरटी माणूस फौजेत. त्या लोकांना मिळालेल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर नंबर, नाव, पलटण सगळं कोरलेलं असतं. तुम्ही म्हणता तसं डोळ्यासमोर उभं वगैरे करायची गरजच नाही, नाव वाचायचं आणि घर शोधायचं. आणि ती मेडलं चांदीची, त्यामुळे कित्येक सोनाराच्या मुशीत गेली. आपली वितळताना कुणी बघितली नाहीत आणि जर्मनांच्या चिंध्यांवर एवढी चर्चा!

फितीवाला_म्युनिक
भाऊ, मी राहतो म्युनिकला, इथे अपशिंग्याचं मेडल कुठून मिळणार? जे समोर येतं ते वाचतो. आणि नाव नाही हीच तर मजा आहे, नाव कोरलेलं असतं तर कोडं कसलं.

अनघा_डी
मजा हा शब्द वाचला म्हणून लिहितेय. मीही जर्मनीत असते. इथे स्वस्तिक उघडपणे दाखवायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे १९३९ चा आयर्न क्रॉस विकणारे त्यावर स्टिकर चिकटवतात. घरात ठेवायला बंदी नाही. १९५७ च्या कायद्यानं जुन्या सैनिकांना मेडलं घालायला परवानगी मिळाली ती स्वस्तिक काढलेल्या नमुन्यांचीच. एवढं सगळं ठीक. पण त्याच टेबलावर शेजारी एक मेडल बिनस्टिकरचं पडलेलं असतं, कैसर विल्हेल्मनं १९०७ ला काढलेलं दक्षिण-पश्चिम आफ्रिकेचं, म्हणजे आजच्या नामिबियाचं. त्याच्या फितीवर लढाईच्या नावाच्या छोट्या पट्ट्या लावायचे. एक 'वॉटरबर्ग', एक 'ओमाहेके'. ऑगस्ट १९०४ ला वॉटरबर्गला तिथल्या हेरेरो लोकांना जर्मन फौजेनं हरवलं, मग ओमाहेकेच्या वाळवंटात ढकललं आणि पाण्याच्या जागा अडवल्या, २ ऑक्टोबरला जर्मन सेनापती फॉन त्रोथानं हद्दीत दिसेल त्या हेरेरोला गोळी घालायचा हुकूम काढला. जर्मन सरकारनं २०२१ ला त्याला वंशसंहार म्हटलं. आणि कलेक्टर लोकांच्या हिशोबात ओमाहेकेची पट्टी असली की मेडलचा भाव वाढतो. तहानेनं मेलेल्या माणसांचा भाव आहे तो. हेही वाचता का तुम्ही डावीकडून उजवीकडे?

फितीवाला_म्युनिक
वाचतो. म्हणूनच म्हणतो वाचता आलं पाहिजे. ज्याला फीत ओळखता येत नाही त्याला ते नुसतं पितळेचं नाणं वाटेल, ओमाहेके काय ते कळणारच नाही. तुम्हाला तरी हे मेडलामुळेच आठवलं ना? विकत घेणं म्हणजे शाबासकी देणं नाही.

अनघा_डी
मला मेडलामुळे आठवलं नाही, मला आधीपासून माहीत होतं म्हणून मेडल खुपलं. तुम्ही उलट सांगताय. आणि वाचायला विकत कशाला घ्यावं लागतं, इन्गोल्श्टाटला बवेरियन आर्मी म्युझियम आहे, तिकीट काढा आणि वाचा.

खवचट_खविस
अनघाताईंशी मी अर्धाच सहमत. म्युझियम सगळं ठेवत नाही, हजारो साध्या बारांना तिथे जागा नाही, ते कलेक्टरनं नाही घेतले तर कचऱ्यात जातील. पण ओमाहेकेला जास्त पैसे मोजणारा स्वतःला इतिहासाचा अभ्यासक म्हणवतो तेव्हा मलाही हसू येतं.

नवशिक्या_ठाणे
मधेच विचारतो, सॉरी. आझाद हिंदचं मेडल एक डीलर देतोय, युद्धकाळातलं ओरिजिनल म्हणतोय. सुभाषबाबूंचं म्हणून घ्यावंसं वाटतंय.

दोरा_आणि_सुई
थांबा. ती मेडलं १९४२ ला जर्मनीत ठरली, बनवली व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सुव्हालनं, आणि हा कारखाना युद्धानंतरही कलेक्टरांसाठी माल काढत राहिला. त्यामुळे 'सुव्हालचं आहे' हे खरं असूनही युद्धकाळातलं नसू शकतं. मिळालेल्या माणसाच्या नावाचा कागद बरोबर नसेल तर ओरिजिनलच्या भावानं घेऊ नका. भावना बाजूला ठेवा, डीलरला त्याच तर दिसतात.

खवचट_खविस
आता फितीवाल्यांना एक कामाचं सांगतो. प्रशियन सैन्याचे कागद पॉट्सडॅमला होते, एप्रिल १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळले. बवेरियाचे मात्र म्युनिकच्याच क्रीग्सआर्काइव्हमध्ये, म्हणजे लष्करी दप्तरखान्यात, शाबूत आहेत, पलटणींच्या याद्यांसकट. तुमच्या घरापासून ट्रॅमनं जाता येईल. फक्त तिथे आधी नाव लागतं, आणि तुमच्या बाराला तेच नाही. मागे फेल्टवर दुकानाची कागदी चिठ्ठी आहे का बघा, कधी कधी शिवणाऱ्याचं गाव मिळतं.

फितीवाला_म्युनिक
आहे, अर्धी फाटलेली. रेगेन्सबुर्ग वाचता येतंय, पुढचं गेलंय. घडी पण उचलून बघितली, आत गडद आहे, पाचही फितींची. म्हणजे दोरा-सुईताईंच्या परीक्षेत पास. रेगेन्सबुर्ग बवेरियातच येतं खविससाहेब! आता बाराबरोबर ठेवायच्या कार्डावर लिहितो, 'बवेरियन सैनिक, आघाडीवर लढलेला, रेगेन्सबुर्ग.'

खवचट_खविस
रेगेन्सबुर्गला दुकान होतं, माणूस कुठला ते दुकानदाराला माहीत. 'बवेरियन'च्या आधी 'बहुधा' घाला.

फितीवाला_म्युनिक
नाही घालणार.