ताबा घेण्यापूर्वीची तपासणी: काय कळते, काय कळत नाही

नव्या घराचा ताबा घेण्यापूर्वी तपासनीस (घरातले दोष शोधणारा जाणकार) आणला की घराची हमीच मिळाली, असा सूर काही जणांच्या बोलण्यात दिसतो. तो मला पटत नाही. तपासनीस भिंत फोडत नाही, त्यामुळे त्याचा अहवाल म्हणजे त्या दिवशी डोळ्यांना आणि उपकरणांना जेवढे कळले तेवढ्याचीच नोंद असते. आमच्या सदनिकेत त्याने नहाणी ट्रॅपचे (न्हाणीघराच्या जमिनीतल्या, पाणी वाहून जाण्याच्या भोकाचे) तोंड बंद करून न्हाणीघरात पाणी साठवले आणि २४ तासांनी खालच्या मजल्यावरचे छत पाहिले, तेव्हा कोपऱ्यात तळहाताएवढा ओला डाग उमटला होता. लाकडी दांडक्याने ठोकल्यावर सुट्या टाइलमधून येणारा पोकळ आवाज तर मलाही ओळखता आला. शक्य असल्यास पावसाळ्यात तपासणी करावी, कारण खिडकीच्या चौकटीतून झिरपणारे पाणी एप्रिलमध्ये कोणालाच दिसत नाही. रेरा कायद्याच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) कलम १४(३) नुसार, ताब्यापासून ५ वर्षांच्या आत निदर्शनास आणून दिलेला बांधकामातील दोष विकासकाने ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो, म्हणून अहवाल छायाचित्रांसह लेखी पाठवून त्याची पोच घ्यावी. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास परवानगी असल्याचा स्थानिक प्राधिकरणाचा दाखला) मात्र या तपासणीच्या कक्षेत सहसा येत नाही. ते वकिलाकडून स्वतंत्रपणे पाहून घ्यावे.