‘अविभाज्य’ की ‘असंक्षेप्य’? नेमका शब्द हवा आहे

प्रश्न (शिक्षिका, नाशिकरोड)
आठवीच्या मुलांसाठी गणिताची इंग्रजी टिपणे मराठीत आणत आहे. ज्याला आणखी सोपे रूप देताच येत नाही, अशा प्रत्येक गोष्टीला मी सरसकट ‘अविभाज्य’ म्हणत आले. काल फळ्यावर ८/१५ लिहून हा अपूर्णांक अविभाज्य आहे असे सांगितले, तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, ८ ला तर २ ने भाग जातो.” त्याची शंका रास्त होती. ‘असंक्षेप्य’ हा शब्द चालेल का?

उत्तर (निवृत्त गणित शिक्षक, पंचवटी)
बाई, अपूर्णांकापुरता तरी नवा शब्द घडवण्याची गरज नाही, कारण ‘अतिसंक्षिप्त रूप’ हा शब्द पाठ्यपुस्तकांत रुळलेला आहे. १२/१८ ला ६ ने संक्षेप दिला की २/३ उरते. ८ आणि १५ यांचा मसावि १ असल्यामुळे ८/१५ ला संक्षेप देता येत नाही, मग या दोन्ही संख्या मूळ नसल्या तरी बिघडत नाही. बहुपदीचे तसे नाही. तेथे अवयव पाडायचे असतात आणि कोणत्या संख्या घ्यायची मुभा आहे हेही सांगावे लागते: क्ष² − २ चे अवयव परिमेय सहगुणक घेऊन पडत नाहीत, वास्तव संख्या घेतल्या की (क्ष − √२)(क्ष + √२) असे पडतात. तेथे ‘परिमेय संख्यांत अवयव न पडणारी बहुपदी’ असेच लिहावे.

उत्तर (मराठीची प्राध्यापिका, कॉलेज रोड)
‘असंक्षेप्य’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ‘अनिवार्य’मध्ये निवारण होत नाही, ‘अपरिहार्य’मध्ये परिहार होत नाही, तसा येथे संक्षेप होत नाही, कोणती क्रिया अडते हे असा शब्द स्वतःच सांगतो. म्हणूनच तो बहुपदीला लावू नये.

आपल्या देवळालीत अनेक वर्षे शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी निवडलेला ‘स्वयंभू’ हा शब्द मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. १५ मध्ये तिचे अंक १ आणि ५ मिळवले की २१ येते, म्हणून १५ ही २१ ची जनक. २० ला मात्र अशी जनक संख्याच नाही, म्हणून ती स्वयंभू. त्र्यंबकेश्वराच्या परिसरातल्या मुलांना या शब्दाचा अर्थ वेगळा समजावावा लागत नाही.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. टिपणांत ‘अतिसंक्षिप्त रूप’ घेते आणि उद्या त्या मुलालाच ८ व १५ यांचा मसावि काढायला फळ्यापाशी बोलावते.