मदत हवी आहे: जहाजांच्या टकरीचा धोका मोजायचा कसा? माझ्याकडे सगळ्याच जोड्या लाल येताहेत

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. संख्याशास्त्राचं शेवटचं सत्र चालू आहे आणि प्रोजेक्ट अडकलाय. पोस्ट लांब होईल. अर्धवट लिहिलं की आधी चार जण माहितीच मागतात, म्हणून सगळं एकदाच सांगते.

विषय आहे वर्दळीच्या जलमार्गात जहाजांच्या टकरीचा धोका. मी दिग्रस तालुक्यातली. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे अरुणावतीचं धरण आणि त्यात मासेमारीचे डोंगे. समुद्र अजून पाहिलेला नाही. सरांना वाटलं होतं मी कापसाचे भाव घेईन, पण कापूस वर्गात आधीच घेऊन झालाय. शिवाय जहाजांचा डेटा फुकट मिळतो आणि रग्गड मिळतो.

आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या (टन म्हणजे इथे वजन नाही, जहाजाच्या आकारमानाचं माप) प्रत्येक जहाजावर एआयएस नावाचं यंत्र सक्तीचं आहे. चालत्या जहाजाची जागा, वेग, दिशा ते दर काही सेकंदांनी रेडिओवर सांगत राहतं. अमेरिकेची नोआ ही संस्था त्यांच्या किनाऱ्यावरचा हा डेटा मिनिटाला एक नोंद इतका विरळ करून सगळ्यांना देते. त्यातला मी गॅल्व्हेस्टन उपसागरातला ह्यूस्टन शिप चॅनल घेतला. खोल पाण्याचा अरुंद पट्टा, रुंदीकरणाआधीची रुंदी ५३० फूट, म्हणजे १६० मीटरच्या आसपास (माझा डेटा तेव्हाचा आहे). त्यातून तेलाची, गॅसची, कंटेनरची जहाजं दोन्ही बाजूंनी जातात.

पद्धत पुस्तकातलीच. दोन जहाजं आहे त्या वेगाने, आहे त्या दिशेने जात राहिली तर एकमेकांच्या किती जवळ येतील (सीपीए) आणि त्याला किती वेळ आहे (टीसीपीए). अर्ध्या सागरी मैलाच्या आत आणि बारा मिनिटांच्या आत आली की जोडी लाल. शोधनिबंधांत असेच उंबरठे दिसतात.

आता माझं दुखणं. समोरासमोर येणारी प्रत्येक जोडी लाल येते. एक जोडी नमुन्याला देते. १८३ मीटर लांब, ३२ मीटर रुंद टँकर आत चाललाय, तोंड ३२८ अंशांवर. समोरून जवळपास तेवढंच जहाज बाहेर येतंय, तोंड १४८. म्हणजे नेमकं उलट. दीड मैल अंतर असताना सीपीए येतो २० मीटर. जहाजाच्या रुंदीपेक्षा कमी! पुढच्या नोंदींत अंतर घटत जातं, दिशा मात्र कोणीच बदलत नाही. अगदी जवळ आल्यावर एक ३३२ वर, दुसरं १५२ वर. मग दोघंही सुखरूप पुढे, आणि पहिल्याचं तोंड आता ३२४. अशा जोड्या रोज, दिवसा आणि रात्रीही.

अंतरासाठी हॅवरसाइन सूत्र वापरलंय, त्यामुळे रेखांशाचा अंश ह्यूस्टनला १११ किलोमीटरचा नसून ९७ चा असतो वगैरे शंका नकोत. ५११ अंशांकडे तोंड असलेली जहाजंही काढून टाकलीत (५११ म्हणजे ‘माहिती नाही’ असा एआयएसचा संकेत आहे, हे कळेपर्यंत माझी बरीच करमणूक झाली).

प्रश्न एकच म्हणा. कोड चुकतोय की पद्धत? आणि माझ्या निवडलेल्या दिवसांत टक्कर एकही नाही, तर सरांना शेवटच्या प्रकरणात जी ‘संभाव्यता’ हवी आहे ती शून्यातून आणू कशी?

लाइनीचा भरवसा नाही, उत्तराला उशीर झाला तर राग मानू नका.

ठेचा_भाकर

आमच्या इकडं प्याले पानी नाई अन् हे पोट्टी जहाजाच्या टकरी मोजून राह्यली. जमते बावा!

मले त्यातलं काई समजत नाई, पन एक सांगतो. आपल्या सिंगल डांबरी रोडवर समोरून एस्टी येते अन् इकडून कापसाचा ट्रॅक्टर. दोघंबी मधातूनच येतात. साइडपट्टी खचेल असते, आधीपासून तिच्यावर कोन चालवन? पार जवळ आल्यावर डावं चाक खाली उतरवतात, निंगून जातात, अन् पुन्हा मधात. तुह्या फुटपट्टीनं मोजलं तं दारव्हा रोडवर रोजचे शंभर अपघात होतात.

तिसरा_मेट

ठेचाभाऊ, तुम्ही गमतीत लिहिलंत, पण ह्यूस्टनला नेमकं हेच चालतं. फक्त ते उजवीकडे वळतात.

मी मूळचा अकोटचा, आता टँकरवर चीफ ऑफिसर आहे (आयडी जुना आहे, हसू नका). ह्यूस्टनला काही वेळा जाऊन आलोय. ताई, तुमचा कोड बरोबर असणार. तुम्ही जे पकडलंय त्याला तिथले लोक ‘टेक्सास चिकन’ म्हणतात.

चॅनलच्या कडेला पाणी एकदम उथळ होतं. मोठं जहाज कडेजवळ गेलं की काठ आणि जहाज यांच्यामधलं पाणी वेगाने वाहतं, तिथला दाब उतरतो आणि जहाजाचा मागचा भाग काठाकडे ओढला जातो. पुढचा भाग उलट मध्याकडे ढकलला जातो. म्हणून कडेने चालत राहणं हेच धोक्याचं. दोन्ही पायलट (बंदरात जहाज आणणारे-नेणारे स्थानिक वाटाडे) जहाज मध्यावर ठेवतात, समोरच्याच्या थेट नाकावर. अर्ध्या मैलाच्या आसपास आल्यावर दोघंही उजवीकडे सुकाणू टाकतात. पुढच्या भागासमोर पाण्याचा जो फुगवटा असतो तो एकमेकांना बाजूला लोटतो. जहाजं शेजारी आली की ओढ उलटते, आणि पार होताना समोरच्याच्या मागची पोकळी आपल्याला पुन्हा मध्यावर आणते. तुमच्या नोंदींत ३२८, मग ३३२, मग ३२४ दिसतंय ना? शेवटचं ३२४ म्हणजे तेच, मध्याकडे परतणं.

पहिल्यांदा रात्री पाहिलं तेव्हा समोरच्या जहाजाचे डोलकाठीवरचे दोन्ही पांढरे दिवे एकावर एक, आणि लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसत होते. याचा अर्थ ते सरळ अंगावर येतंय. शाळेत आम्हाला शिकवलेलं, की समोरचं जहाज आपल्याला त्याच दिशेला दिसत राहिलं आणि अंतर कमी होत असेल तर टकरीचा धोका आहे असंच मानायचं. १९७२ च्या टक्करविरोधी नियमांतला सातवा नियम. माझा हात टेबलाच्या कडेवर आवळला होता, आणि पायलट कॉफीचा घोट घेऊन शांतपणे सुकाणीला म्हणाला, ‘स्टारबोर्ड टेन’, म्हणजे सुकाणू दहा अंश उजवीकडे.

म्हणून अर्ध्या मैलाचा उंबरठा तिथे लावू नका. तो मोकळ्या समुद्राचा आहे. १६० मीटरच्या चॅनलमध्ये अर्धा मैल मोकळा मागायचा म्हणजे एकाला शेतात चालवावं लागेल.

आणखी एक. एआयएस जी जागा सांगतं ती जीपीएसच्या अँटेनाची. टँकरवर ती मागे, राहत्या इमारतीवर असते. १८३ मीटरच्या जहाजाचं नाक तिच्यापुढे दीडशे मीटर असू शकतं. तुमचे २० मीटर हे दोन अँटेनांमधले आहेत, दोन पत्र्यांमधले नाहीत.

पऱ्हाटी

दादा, मनापासून आभार. ३२४ चं कोडं मी ‘डेटातला गोंगाट’ म्हणून गुळगुळीत करून टाकणार होते.

पण मग प्रश्न वाढला. सगळेच नेहमी असेच जात असतील तर जवळ येणं हा धोका नाहीच का? मी मोजू काय?

शून्यावर_एक

संख्याशास्त्र शिकवते, म्हणून दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचं मी घेते.

टकरीच्या संभाव्यतेचं जे सूत्र सगळीकडे दिसेल ते १९७० च्या दशकातलं आहे, जपानमध्ये फुजी आणि इंग्लंडमध्ये मॅकडफ यांच्या कामातून आलेलं. दोन भाग. आधी भूमितीने मोजायचं, की कोणीच काही केलं नाही, सगळे डोळे मिटून चालले, तर किती जोड्या आदळतील. मग त्याला एका छोट्या आकड्याने गुणायचं. माणूस झोपला, यंत्र बिघडलं, वळायचं तेव्हा वळलं नाही, याची ती शक्यता. जलमार्गांचा धोका मोजणाऱ्या आयवॅप (IWRAP) या प्रणालीत समोरासमोरच्या भेटीसाठी हा आकडा मुळात दहा हजारांत अर्धा, आणि आडव्या छेदणाऱ्या जहाजांसाठी दहा हजारांत १.३ असा दिलेला असतो.

तुमच्या चॅनलमध्ये हे सूत्र आंधळेपणाने लावलंत तर गंमत होईल. मेट यांनी सांगितलं तसं तिथे प्रत्येक भेट ठरवून समोरासमोर असते, म्हणजे प्रत्येक जोडी डोळे मिटून आदळणारीच. सगळ्या भेटींना त्या आकड्याने गुणून जे येईल ते छापू नका. तो आकडा जिथे जहाजं आपापल्या बाजूने चालतात अशा पाण्यांवरून आलाय.

शून्याचं म्हणाल, तर तीनचा नियम. ‘न’ इतक्या भेटींत घटना शून्य असेल, तर ९५ टक्के विश्वासाने संभाव्यतेची वरची मर्यादा सुमारे ३ भागिले ‘न’. समजा भेटी ४,००० आहेत. मर्यादा येते दहा हजारांत साडेसात. आयवॅपच्या अर्ध्याशी तुलना केलीत तर पंधरा पट मोठी (आणि तुलना तशी ढोबळच, कारण तिथे भागायचा आकडा वेगळा). एवढ्या खाली जाऊन काही सांगायचं तर टकरीशिवायच्या ६०,००० भेटी लागतील. म्हणजे तुमच्या डेटातून थेट संभाव्यता निघत नाही, आणि सरांना हे एका परिच्छेदात सरळ लिहून द्या. माझ्या मते प्रोजेक्टचा सर्वात प्रामाणिक परिच्छेद तोच ठरेल, त्याला घाबरू नका.

मोजायचं काय, तर ‘जवळ’ नाही, ‘नेहमीपेक्षा वेगळं’. जहाजांच्या लांबी-रुंदीप्रमाणे जोड्यांचे गट करा. प्रत्येक गटात वळायला सुरुवात किती अंतरावर झाली आणि पार होताना बाजूचं अंतर किती राहिलं, यांचं वितरण काढा. तळातले दोन टक्के हे तुमचे खरे लाल. तिथून पुढे हवं असेल तर टोकाच्या मूल्यांचा सिद्धांत लावून शेपूट शून्य अंतरापर्यंत वाढवता येते. रस्त्यावरच्या निसटत्या अपघातांसाठी हे करतात.

एक तांत्रिक इशारा. मिनिटाला एक नोंद म्हणजे दहा नॉटने येणाऱ्या दोन जहाजांमधलं अंतर दोन नोंदींच्या मध्ये सहाशे मीटरने बदलतं. मधल्या जागा वेग आणि दिशा धरून भराव्याच लागतील, नाहीतर पार होण्याचा क्षण नोंदींच्या फटीत हरवेल.

तिसरा_मेट

मॅडमच्या यादीत एक भर. भेट झाल्यावरची पाच मिनिटं बघा, भेटीच्या आधीची नव्हे.

त्या चॅनलच्या दोन मोठ्या टकरी काढून वाचा. मार्च २०१५ मध्ये धुक्यात कॉन्टी पेरिडॉट आणि कार्ला मर्स्क, मे २०१९ मध्ये जेनेसिस रिव्हर आणि बार्ज ढकलत नेणारी व्हॉयेजर. दोन्हींचे अमेरिकन तपास अहवाल मोफत मिळतात. दोन्ही वेळा ज्याच्याशी ठरवून भेट झाली त्या जहाजाला काही झालं नाही. भेट नीट पार पडली, त्यानंतर पाण्याच्या ओढीत तोंड सावरता आलं नाही, आणि पुढच्याच वाहतुकीवर जाऊन आदळले. जेनेसिस रिव्हरच्या बाबतीत चॅनलच्या मानाने जास्त असलेला वेगही कारणात धरलाय.

म्हणून भेटीनंतर तोंड किती अंशांनी डावी-उजवीकडे झुलतं, झुलणं निवायला किती वेळ लागतो, वेग किती आहे, आणि त्या वेळी पुढे तिसरं कोणी आहे का, हे चार रकाने धरा. तुमचा सीपीए जोडीजोडीने चालतो, त्याला हा तिसरा दिसतच नाही.

हो, आणि टग (मोठ्या जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी) काढल्या का? टग मोठ्या जहाजाला चिकटूनच चालते. तिला ठेवलं तर अंतर शून्य येणार आणि तुम्ही ते ‘निसटता अपघात’ धराल.

पऱ्हाटी

एआयएसमधला टगचा प्रकार-क्रमांक ५२ आणि पायलट बोटींचा ५० काढले होते. ३१-३२ राहिले होते, पण ती ओढणारी-ढकलणारी जहाजं, म्हणजे तुम्ही सांगितलेली व्हॉयेजरसारखीच. ती पूर्ण काढली तर तिसराच नाहीसा होईल. म्हणून ‘जोडी’ म्हणून काढते, ‘तिसरा’ म्हणून ठेवते. चालेल ना?

काल रात्री लाइन होती तेवढ्यात थोड्या दिवसांवर चालवून पाहिलं. लाल जोड्या ढिगाने होत्या त्या मूठभर उरल्या. त्यातल्या दोनांत भेटीनंतरचं झुलणं बाकीच्यांच्या दुप्पट आहे आणि दोन्हींत पुढे बार्जवाला. आता त्या दोन मला नकाशावर काढून दाखवायच्यात.

शेवटचा प्रश्न. सर म्हणतात मुंबईवर एक प्रकरण टाक, परीक्षकांना आपलं काहीतरी दिसलं पाहिजे. ऑगस्ट २०१० ची एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ यांची टक्कर घेऊन हीच पद्धत लावू का?

तिसरा_मेट

चालेल, तसंच ठेवा.

मुंबईला हीच पद्धत लावू नका. तिथे मोठी जहाजं मोजकी, आणि त्यांना आडवी जाणारी लहान वाहतूक अफाट. मच्छीमार होड्या, गेटवेहून सुटणाऱ्या लाँच, बंदराच्या कामाच्या बोटी. डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची चाचणीवरची स्पीडबोट आदळली. त्यात दोन्हीकडे ‘मोठं जहाज’ नव्हतंच. एआयएसच्या ३०० टनांच्या नियमाखाली यातलं बरंचसं येत नाही, त्यामुळे नुसत्या एआयएसवर काढलेला मुंबईचा धोका कमीच दिसेल. चित्रा-खलिजिया घटना म्हणून दोन पानं लिहा, हिशोब ह्यूस्टनचाच ठेवा.

शून्यावर_एक

सहमत. आणि नकाशा काढताना वेळ बदलून घ्या, नोआच्या नोंदी जागतिक वेळेत असतात. ह्यूस्टनची रात्र तुम्हाला पहाट वाटेल आणि दिवस-रात्रीची तुलना उलटीपालटी होईल.

ठेचा_भाकर

प्रोजेक्ट झाला की इथं टाकजा ताई. दारव्हा रोडचा बी हिशोब करू.