सर्व्हिसेसचं आपसातलं बोलणं: सगळीकडे जीआरपीसी हा आग्रह कशासाठी?

महापेकर
आमचं ऑफिस महापे एमआयडीसीत. भिवंडीतल्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर करतो: माल उतरला, रॅकवर लागला, गाडीत भरला, बिल निघालं. बुकिंग, साठा, दर, बिलिंग अशा वेगळ्या सर्व्हिस (स्वतंत्र चालणारे प्रोग्राम) आहेत आणि त्या एकमेकींशी साध्या एचटीटीपीवर जेसनमध्ये, म्हणजे डोळ्यांनी वाचता येणाऱ्या मजकुरात, बोलतात. आता टीममध्ये ठरायला आलंय की सगळं जीआरपीसीवर (दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन घरच्यासारखं बोलवायची पद्धत) न्यायचं. कारण दिलं जातंय वेगाचं.

माझा विरोध आहे. कुठला प्रोटोकॉल हे नंतर बघू. समोरची सर्व्हिस बंद असेल तर मागणाऱ्याने थांबायचं का, हे आधी ठरवा. बिल निघेपर्यंत गाडीने गेटवर उभं राहायचं काहीच कारण नाही. ‘गाडी सुटली’ एवढा निरोप रॅबिटएमक्यूच्या (निरोप साठवून पुढे देणारं सॉफ्टवेअर) रांगेत टाकला की बिलिंग सवडीने उचलेल. ते अर्धा तास बंद असलं तरी गेट चालू राहील. आज तिथे थेट कॉल आहे म्हणून गेट अडतं, आणि तोच कॉल जीआरपीसीने केला तरी अडणारच. साठ्याचं वेगळं आहे. माल शिल्लक आहे की नाही हे कळल्याशिवाय बुकिंग पुढे सरकत नाही, तिथे थेटच विचारावं लागतं. पण त्यालाही साधा एचटीटीपी पुरतो. रात्री दोन वाजता काही बिघडलं तर कर्ल ही कमांड मारून उत्तर डोळ्यांनी वाचता येतं, ही सोय मी सहजासहजी सोडणार नाही.

ऐरोली_नाइटशिफ्ट
वेगाचं कारण चुकीचं आहे हे मान्य. पण जीआरपीसी हवं ते करारासाठी. प्रोटो फाइल, म्हणजे कुठले कॉल आणि त्यात कुठली फील्ड हे लिहिलेली फाइल, हा दोन टीममधला लेखी करार असतो. जेसनमध्ये कोणी फील्डचं नाव बदललं तर समोरच्याला रिकामी किंमत मिळते आणि कोड तसाच पुढे चालतो. जीआरपीसी डेटा ज्या स्वरूपात पाठवतं त्या प्रोटोबफच्या बायनरीत फील्ड नावाने नाही, नंबराने ओळखतात. काढलेला नंबर राखीव करून ठेवला की तो पुन्हा वापरला तर कंपायलरच अडवतो. जावा, गो, पायथन, सगळ्यांचा कोड त्याच फाइलमधून निघतो.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. पॅलेटवरच्या लेबलाचा एसएससीसी कोड १८ अंकी असतो. जेसनमध्ये तो आकडा म्हणून पाठवला आणि समोर जावास्क्रिप्ट असलं तर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्णांक नेमके राहत नाहीत, शेवटचे अंक बदलू शकतात. म्हणजे दुसऱ्याच पॅलेटचा नंबर. एरर नाही, काही नाही.

महापेकर
एसएससीसी ही ओळख आहे, बेरीज-वजाबाकीचा आकडा नाही. शिवाय तो शून्याने सुरू होऊ शकतो. तो मजकूर म्हणूनच पाठवायचा, प्रोटोबफमध्येसुद्धा. करार हवा तर ओपनएपीआयची (एचटीटीपी कॉलचं वर्णन लिहायची पद्धत) फाइल लिहा, तिच्यातूनही कोड निघतो.

ऐरोली_नाइटशिफ्ट
निघतो, पण फाइल न लिहिताही जेसन चालतं, म्हणून ती मागे पडते. जीआरपीसीत बहुतेक सगळे प्रोटो फाइलपासूनच सुरुवात करतात. शिस्त माणसांवर सोडली की घाईच्या रिलीजमध्ये पहिली तीच जाते.

घोडबंदरकर
मला जीआरपीसीची भीती वेगळीच आहे. दूरचा कॉल घरच्या फंक्शनसारखा दिसावा हे स्वप्न जुनं आहे. बिरेल आणि नेल्सन यांचा आरपीसीवरचा, म्हणजे अशा दूरच्या कॉलवरचा, पेपर १९८४ चा. मग त्याच वाटेवरचं कोर्बा आलं, १९९७ मध्ये जावात आरएमआय आलं. मध्येच १९९४ ला सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीतल्या जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी स्पष्ट लिहिलं होतं की जवळचा आणि दूरचा कॉल एकसारखा मानू नका: वेळ वेगळा लागतो, मेमरी वेगळी असते, आणि अर्धं काम होऊन अर्धं फसू शकतं. हे तिसरं सगळ्यात वाईट. फंक्शन एकतर चालतं नाहीतर एरर देतं. दूरच्या कॉलला तिसरं उत्तर असतं: काहीच कळलं नाही.

स्टब (दूरच्या कॉलसाठी आपोआप निघालेलं घरचं फंक्शन) इतका गोड दिसतो की नवीन मुलगा लूपमध्ये २०० वेळा साठा विचारतो. दुसरी बाजू चेन्नईच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर? फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-चेन्नई सरळ रेषेत हजारेक किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन किमान १० मिलिसेकंद. एकामागोमाग २०० कॉल म्हणजे दोन सेकंद नुसत्या वाटेत गेले. हे कुठलाच प्रोटोकॉल कमी करत नाही. दोनशे वस्तूंची यादी एकाच कॉलमध्ये पाठवणं, एवढाच उपाय.

ऐरोली_नाइटशिफ्ट
तोच लूप रेस्टच्या, म्हणजे साध्या एचटीटीपीच्या, तयार क्लायंटनेही होतो. हा दोष जीआरपीसीच्या माथी नको.

कळव्याची
मी हे सगळं चालवते, बनवत नाही, म्हणून दोघांनाही विरोध.

जीआरपीसी एचटीटीपी/२ वर चालतं, एक कनेक्शन उघडून त्यावरच हजारो कॉल जातात. कुबरनेटीस ही प्रोग्रामच्या प्रती (पॉड) चालवणारी यंत्रणा, आणि तिच्यात ‘सर्व्हिस’ म्हणजे त्या प्रतींमध्ये काम वाटणारा भाग. ही साधी सर्व्हिस वाटणी कनेक्शनपाशी करते, कॉलपाशी नाही. लोड वाढला म्हणून तीन पॉड वाढवले तरी जुनाच पॉड घामाघूम आणि नवे रिकामे. मग हेडलेस सर्व्हिस (प्रत्येक पॉडचा पत्ता देणारी) करून क्लायंटकडून वाटणी करा, किंवा मध्ये एन्व्हॉय हा कॉल वाटणारा प्रॉक्सी बसवा. ब्राउझरमधून थेट बोलता येत नाही, तिथे जीआरपीसी-वेब आलं. हे काम कोणाच्याच एस्टिमेटमध्ये नसतं.

आणि महापेकर, रांग फुकट मिळत नाही. बिलिंगने काम केलं पण पोच देण्याआधी प्रोसेस पडली, तर रॅबिटएमक्यू तोच निरोप पुन्हा देतो. एका गाडीची दोन बिलं, तीही जीएसटीची. डेटाबेसमध्ये नोंद झाली आणि रांगेत टाकण्याआधीच सर्व्हर गेला, तर एकही बिल नाही. त्यासाठी आउटबॉक्स टेबल लागतं: निरोप त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचा आणि मग वेगळ्या प्रोसेसने रांगेत टाकायचा. शिवाय न पचलेले निरोप डेड लेटर रांगेत साठतात, ते रोज कोण बघणार? नाव ठरवल्याशिवाय रांग सुरू करू नका.

महापेकर
दोनदा होण्याची भीती थेट कॉललाही आहे. टाइमआउट झाला, बिल झालं की नाही ते कळलं नाही, तुम्ही पुन्हा पाठवता. म्हणून प्रत्येक गाडीफेरीला एक न बदलणारी किल्ली (ओळख नंबर) आणि बिलिंगकडे ‘ही किल्ली आधी पाहिली आहे का’ ही तपासणी दोन्हीकडे लागतेच. यूपीआयची रचना बघा. एक्सएमएल एचटीटीपीएसवर जातं, विनंतीला लगेच फक्त पोच मिळते, खरा निकाल नंतर वेगळ्या निरोपाने येतो. इतका मोठा व्यवहार ‘थांबू नका, नंतर कळवतो’ यावर चालतो. आउटबॉक्सचं आणि डेड लेटरला माणूस नेमायचं मात्र आमच्या यादीत घेतो.

वागळेवाला
गोदामातल्या हँडहेल्ड स्कॅनरबद्दल कोणीच बोललं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये आत गेलं की वायफाय तुटतं. तिथे तुमचा एचटीटीपी आणि जीआरपीसी दोन्ही सारखेच अडतील. एमक्यूटीटी हा निरोप पाठवायचा प्रोटोकॉल बघा. १९९९ मध्ये सॅटेलाइटवरून तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवण्यासाठी निघालं, तुटक्या नेटवर्कसाठीच. स्कॅन आधी डिव्हाइसवर साठवा, जोडणी आली की क्यूओएस १ या पोचवण्याच्या पातळीने पाठवा. तो किमान एकदा पोचवतो, म्हणजे दोनदाही येऊ शकतो, त्यामुळे किल्ली इथेही हवीच.

ऐरोली_नाइटशिफ्ट
ठीक. बिलिंगला रांग, स्कॅनरला एमक्यूटीटी. पण साठा आणि दर हे दोन्ही थेट आणि सतत लागणारे कॉल आहेत, ते तरी जीआरपीसीवर न्या. डेडलाइन, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट बघायची ती मर्यादा, प्रत्येक कॉलला स्वतः घाला, नाहीतर मुळात ती नसतेच आणि क्लायंट वाट बघत बसतो. घातली की पुढच्या सर्व्हिसलाही उरलेला वेळ कळतो. साध्या एचटीटीपीत हे हाताने करावं लागतं.

महापेकर
साठ्याला डेडलाइनचा मुद्दा पटतो, तिथे करून बघू. दराला नाही. दर दिवसातून एखाद्या वेळी बदलतात. बुकिंगने त्यांची प्रत स्वतःकडेच ठेवावी, कॉलच नको.

ऐरोली_नाइटशिफ्ट
आणि दुपारी दर बदलला, प्रत जुनी राहिली, तर जुन्या दराने झालेल्या बुकिंगचा फरक कोण भरणार? ग्राहक तर नाही भरणार.

घोडबंदरकर
प्रत्येक दराला ‘लागू कधीपासून’ ही वेळ जोडा आणि नवा दर दोन तास आधी पाठवा. अचानक बदलायची मुभा धंद्याला हवीच असेल, तर मात्र ऐरोलीचं बरोबर, दर थेटच विचारावा लागेल. हे प्रोग्रामरने ठरवायचं नाही. दर ठरवणाऱ्या माणसाला सोमवारी विचारा.