अनुभव धागा: संगणकावर नवीन देवनागरी फॉन्ट टाकताना

फॉन्ट टाकणं म्हटलं तर दोन क्लिकचं काम. तरी तीन तक्रारी संपत नाहीत: "टाकला पण यादीत दिसत नाही", "दिसतो पण अक्षर बदलत नाही", "बदललं पण वेलांटी भलतीकडे गेली". ज्यांचा हात या कामावर बसलेला आहे त्यांनी इथे लिहावं. आवडत्या फॉन्टांचं कौतुक नको, त्यासाठी वेगळा धागा काढू. नेमक्या पायऱ्या, फोल्डरांची नावं, काय बिघडतं आणि का, एवढंच.

आधी फाइल कसली आहे ते पाहा

संगणकावर बसणारे प्रकार तीनच समजा: टीटीएफ, ओटीएफ आणि एका फाइलीत अनेक फॉन्ट असलेलं टीटीसी. डब्ल्यूओएफएफ आणि डब्ल्यूओएफएफ२ ही संकेतस्थळांसाठी दाबून लहान केलेली रूपं, त्यांना विंडोज हात लावत नाही. ईएक्सई शेपटीचा "फॉन्ट" मिळाला तर उघडूच नका, सरळ उडवा. जुन्या सीडीवरच्या पीएफबी-पीएफएम जोड्यांना टाइप १ म्हणतात. त्यांचा आधार अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला, तेव्हा त्यांच्या नव्या आवृत्त्यांत त्या दिसणार नाहीत.

डाउनलोड बहुतेक झिपमध्ये येतं. झिपच्या आतूनच फाइलीवर डबल-क्लिक केलं की नमुना दिसतो, पण इन्स्टॉल कधी अडतं, तर कधी अर्धेच फॉन्ट बसतात. 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करून मगच पुढे जा. सोबत परवान्याची टेक्स्ट फाइल असते, ती फेकू नका. ओएफएल (ओपन फॉन्ट लायसन्स, खुला परवाना) असेल तर पुस्तक, पत्रिका, फलक कशालाही वापरा. 'पर्सनल यूज' असेल तर पैसे घेऊन केलेल्या कामात तो फॉन्ट चालत नाही.

युनिकोड की जुन्या धाटणीचा?

निम्मा गोंधळ इथला आहे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, जुन्या धाटणीत नसतो. कृतिदेव, शिवाजी, डीव्ही-टीटी सुरेख हे फॉन्ट संगणकाच्या लेखी इंग्रजीच. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. कृतिदेवात लिहिलेला 'मराठी' हा शब्द प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं आहेत: ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. फॉन्ट बदलला की मुखवटा गळून पडतो.

त्यामुळे युनिकोड मजकुराला कृतिदेव लावून काही होत नाही आणि कृतिदेवातल्या मजकुराला युनिकोड फॉन्ट लावला की इंग्रजी कचरा दिसतो. दोन्ही वेळा फॉन्ट नीटच बसलेला असतो. तिथे परिवर्तक (जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा प्रोग्रॅम) लागतो, आणि परिवर्तनानंतर रफार, 'ऱ्य' आणि ऱ्हस्व वेलांटीच्या जागा डोळ्यांनी तपासाव्या लागतात, कारण जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते.

ओळखायची सोपी खूण: फाइलीवर डबल-क्लिक करा. नमुन्यात इंग्रजी वाक्याच्या जागी देवनागरीचा अर्थहीन खिचडा दिसला तर फॉन्ट जुन्या धाटणीचा. नावावर जाऊ नका. डीव्हीओटी-सुरेख युनिकोडचा आहे, डीव्ही-टीटी सुरेख नाही.

विंडोज: कोणासाठी टाकताय?

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून साधं 'इन्स्टॉल' फक्त चालू खात्यापुरतं होतं. फाइल यूजर्स > खात्याचं नाव > ॲपडेटा > लोकल > मायक्रोसॉफ्ट > विंडोज > फॉन्ट्स इथे जाते. जुने काही प्रोग्रॅम फक्त सी ड्राइव्हमधल्या विंडोज > फॉन्ट्स या फोल्डरात पाहतात, म्हणून त्यांना तो सापडत नाही. उपाय: राइट-क्लिक, 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स'. विंडोज ११ मध्ये हे दिसलं नाही तर आधी 'शो मोअर ऑप्शन्स'. ॲडमिनचा पासवर्ड मागेल. घरात एकाच संगणकावर दोन-तीन खाती असतील तर हाच मार्ग बरा, नाहीतर प्रत्येक खात्यात पुन्हा तेच करत बसावं लागतं.

आधी साधं इन्स्टॉल केलेलं असेल तर सेटिंग्ज > पर्सनलायझेशन > फॉन्ट्स मधून ते काढा, मग सर्वांसाठी टाका. दोन प्रती ठेवल्या तर पुढे नवी आवृत्ती आणताना कुठली चालू आहे ते कळेनासं होतं.

छोटीशी भर

फॉन्टची यादी बरेच प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच वाचतात. वर्ड, फोटोशॉप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. संगणक रीस्टार्ट करायची गरज सहसा नसते.

आणखी एक: यादीत फाइलीचं नाव दिसत नाही, फाइलीच्या पोटात लिहिलेलं नाव दिसतं. फाइलीचं नाव बदलून यादीत काही हलत नाही. कितीतरी वेळा फॉन्ट यादीत असतो, आपण भलत्या अक्षराखाली शोधत असतो.

"नॉट अ व्हॅलिड फॉन्ट"

हा संदेश आला तर क्रमाने पाहा. एक, फाइल अर्धवट उतरलीय का, म्हणजे आकार शून्य किंवा अगदीच थोडा. दोन, राइट-क्लिक > प्रॉपर्टीज मध्ये खाली 'अनब्लॉक' असेल तर ती खूण करा. तीन, हे ऐकायला विचित्र आहे, पण विंडोज फायरवॉलची सर्व्हिस बंद करून ठेवली असेल तरी फॉन्ट बसत नाहीत आणि हाच संदेश येतो. सर्व्हिसेस मध्ये जाऊन ती सुरू करा, फॉन्ट टाका.

फॉन्ट निवडला तरी अक्षर तेच

कारण त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. प्रोग्रॅम गपचूप दुसरीकडून, विंडोजवर बहुधा निर्मला यूआय किंवा मंगल मधून, अक्षरं उसनी घेतो आणि वर नाव मात्र तुम्ही निवडलेल्या फॉन्टचंच दाखवतो. इंग्रजी अक्षरं बदलली आणि मराठी तशीच राहिली तर हेच.

टाकल्याबरोबर ही ओळ चिकटवून पाहा:

ज्ञ क्ष श्र त्र ॲ ऑ ळ ऋ ङ द्ध ट्ठ ष्ट्य दुसऱ्या सूर्य र्‍हास रू हृ ₹ १२३४५६७८९०

'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला, '₹' २०१० साली. जुन्या फॉन्टांत या जागी चौकोन येतो किंवा शेजारच्या अक्षरांशी न जुळणारं, उसनं अक्षर. 'दुसऱ्या' मधला र चंद्रकोरीसारखा आडवा यायला हवा. तिथे नुक्ता (खालचं टिंब) असलेला र आणि त्याचा पाय मोडलेला दिसला तर फॉन्ट हिंदीपुरताच केलाय. ल आणि श यांची मराठी वळणंही काही फॉन्टांत पोटात असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' नोंदवल्याशिवाय बाहेर येत नाहीत. हिंदी नोंदवली असेल तर फॉन्टला दोष देऊ नका.

ठळक, अतिठळक आणि खोटं ठळक

नोटो सान्स देवनागरीसारख्या डाउनलोडमध्ये एक व्हेरिएबल फाइल (सगळ्या जाड्या एकीतच) असते आणि 'स्टॅटिक' नावाच्या फोल्डरात जाडी-रुंदीनुसार सुट्या फाइली. घरच्या कामाला स्टॅटिकमधल्या रेग्युलर आणि बोल्ड या दोन पुरतात, फार तर मीडियम. सगळ्या निवडून टाकल्या की यादीत कंडेन्स्ड, सेमीकंडेन्स्ड अशी रांग लागते. व्हेरिएबल आणि स्टॅटिक दोन्ही एकदम टाकू नका. पोटातलं नाव एकच असल्याने कुठला लागेल ते प्रोग्रॅम ठरवतो, आणि छापताना भलतीच जाडी येते.

फक्त रेग्युलर टाकून बी चं बटण दाबलं तर प्रोग्रॅम अक्षराला चारी बाजूंनी शाई थापतो. इंग्रजीत खपून जातं. देवनागरीत ध, ष, क्ष यांच्या पोटातली जागा बुजते, अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो. बोल्डची फाइल वेगळी टाकाच. तिरप्या अक्षरांचंही तसंच, पण देवनागरीत खरी इटॅलिक असलेले फॉन्ट मोजकेच, तेव्हा तिरपं करणंच टाळा.

वेलांटी पळाली: फोटोशॉप, इनडिझाइन

यात फॉन्टचा दोष नाही. युनिकोडमध्ये 'कि' हा क्रमाने आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी असा साठवला जातो. वेलांटी पुढे आणणं आणि जोडाक्षर बांधणं हे प्रोग्रॅमचं काम. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनलच्या कोपऱ्यातल्या मेनूतून 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. फोटोशॉपच्या २०२२ च्या आधीच्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेस > टाइप मध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' (त्याहून जुन्यांत 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन') निवडावं लागतं. आधीच टंकलेल्या मजकुराला हे आपोआप लागू होत नाही, तो निवडून कंपोझर बदलावा लागतो.

लिब्रेऑफिसवाल्यांसाठी

टूल्स > ऑप्शन्स > लँग्वेजेस मध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करा आणि भाषा मराठी ठेवा. तिथे प्रत्येक मजकुराला दोन फॉन्ट असतात, एक पाश्चात्त्य लिपीसाठी, एक देवनागरीसारख्या लिप्यांसाठी. स्टाइलमध्ये वरचा बदलून खालचा तसाच ठेवला तर मराठी जिथल्या तिथे. वर्डमध्येही फॉन्टच्या चौकटीत (कंट्रोल + डी) 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' हा कप्पा वेगळा असतो.

मॅक

डबल-क्लिक, इन्स्टॉल, झालं. एकट्यासाठीचे फॉन्ट आपल्या होम फोल्डरातल्या लायब्ररी > फॉन्ट्स मध्ये जातात, सर्वांसाठीचे डिस्कच्या मुळाशी असलेल्या लायब्ररी > फॉन्ट्स मध्ये. फॉन्ट बुकमध्ये 'व्हॅलिडेट' आहे, ते चालवा. पिवळा त्रिकोण बहुधा दुहेरी प्रतीचा असतो, त्यातली एक बंद करा. अक्षरं विस्कटलेली दिसू लागली तर सेफ मोडमध्ये एकदा सुरू करून पुन्हा नेहमीसारखं सुरू करा, त्यात फॉन्टचा कॅश (साठवून ठेवलेली जुनी माहिती) साफ होतो.

लिनक्स

होममधल्या .लोकल/शेअर/फॉन्ट्स मध्ये फाइली ठेवा (फोल्डर नसेल तर बनवा), टर्मिनलमध्ये एफसी-कॅश चालवा. एफसी-लिस्टला भाषा एमआर दिली की मराठीची अक्षरं पुरी असलेले फॉन्टच समोर येतात. वर उसनवारीचं जे लिहिलंय त्याचा निकाल इथे एका ओळीत लागतो.

मंगल कुठे गेला?

विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे नव्या संगणकावर आधीपासून असतीलच असं नाही. जुनी फाइल कुणाकडून मागू नका. सेटिंग्ज > ॲप्स (विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत सिस्टम) > ऑप्शनल फीचर्स > ॲड अ फीचर (किंवा व्ह्यू फीचर्स) मध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' शोधा. इंटरनेट चालू हवं. यूजर इंटरफेससाठी विंडोज आता निर्मला यूआय वापरतं.

जुनी आवृत्ती काढताना

"फाइल वापरात आहे" म्हणून काढता येत नसेल तर वर्ड, ब्राउझर, आउटलुक सगळं बंद करा. तरी अडलं तर सर्व्हिसेस मधून 'विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस' थांबवा, फॉन्ट काढा, रीस्टार्ट करा, मग नवी आवृत्ती टाका. जुन्यावर नवी तशीच चढवली तर कॅशमधली जुनी मापं राहतात आणि अक्षरांमध्ये फटी पडतात. शिरोरेघ तुटक दिसते ती बरेचदा यामुळे.

रफार कापला जातोय

ओळींचं अंतर 'एक्झॅक्टली' वर आहे. वर्डमध्ये ते 'मल्टिपल' करून १.१५ पासून वर चढवत जा. देवनागरीत शिरोरेघेच्या वर रफार-मात्रा आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. १२ पॉइंटच्या अक्षराला १४ पॉइंटची ओळ इंग्रजीत चालते, इथे 'र्कौ' चं डोकं जातं.

दुसऱ्याच्या संगणकावर पाठवताना

वर्डमध्ये फाइल > ऑप्शन्स > सेव्ह > 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' ही खूण करा, म्हणजे फॉन्ट फाइलीसोबतच जातो. 'ओन्ली द कॅरॅक्टर्स यूज्ड' ही खूण करू नका. समोरच्याने एखादं नवं जोडाक्षर लिहिलं की ते सोबत गेलेलं नसतं. काही फॉन्टांच्या पोटातच सोबत नेण्याची मनाई नोंदलेली असते, मग वर्ड ते वगळतं. फक्त वाचायला किंवा छापायला द्यायचं असेल तर पीडीएफ करा आणि ॲक्रोबॅट रीडरच्या प्रॉपर्टीज > फॉन्ट्स मध्ये प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' लिहिलंय का ते पाहा. एखाद्या नावापुढे ते नसेल तर छापखान्यात नेमका तोच फॉन्ट बदलून येतो.