घोडदळात मोतद्दाराचं काम नक्की काय असायचं?

मावळता_स्वार:
मराठा घोडदळाबद्दल वाचतोय सध्या. बारगीर, शिलेदार, हवालदार सगळे भेटतात पण घोडा सांभाळणारा माणूस कुठे दिसतच नाही. मोतद्दार नुसता खरारा करून चंदी घालणारा नोकर होता का लढाईवर पण जायचा? आणि स्वार काय, उतरला की लगाम दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळा?

पागा_प्रेमी:
मोकळा कसला. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, मेला तर पोटावर पाय, तो लक्ष देणारच. बारगिराचा घोडा सरकारी, तिथे मात्र व्यवस्था बांधून दिलेली. सभासद बखरीत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद सांगितलाय, म्हणजे पाणी आणि नाल या दोन गोष्टी नशिबावर सोडल्या नव्हत्या. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र वाच, त्यात दाणा गवत बेतानं वापरा नाहीतर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि रात्री दिवा ठेवला तर उंदीर पेटती वात ओढत नेईल, गवताला आग लागेल, इतक्या बारीक सूचना आहेत. राजा स्वतः हे लिहितो यावरून काय ते समज.

खोगीर७७:
मी घोड्यांत काम करतो म्हणून सांगतो, खरारा हा शब्द ऐकायला किरकोळ वाटतो पण अंगावरून हात फिरतो तेव्हाच कळतं कुठे सूज आहे, तंग कुठे काचलाय, पाठ कुठे सोललीय. खोगीराखाली राहिलेली माती किंवा घडी पडलेलं कापड एका दिवसात जखम करतं आणि मग तो घोडा कित्येक दिवस स्वारीला बाद. रोज खूर साफ करणं, दौडून आलेल्याला आधी हळू चालवून निववणं, दाणा एकदम न घालता थोडा थोडा घालणं, नाहीतर पोटदुखीनं घोडा जातो. मोहिमेत हे सगळं अंधारात, पावसात, स्वतः उपाशी राहून करायचं. नोकर म्हणा हवं तर.

बाजीचा_बारगीर:
पण दादा, बुणगे बुणगे (लष्करामागून चालणारी बिनलढाऊ माणसं) म्हणून या मोतद्दारांनाच नावं ठेवतात ना लोक? पानिपतावर बुणग्यांमुळे वाट लागली वगैरे.

पागा_प्रेमी:
ते यात्रेकरू, बायकापोरं, व्यापारी यांना एकाच पोत्यात भरतात म्हणून. चारा-लाकूड आणायला रात्री छावणीबाहेर गेलेल्यांची अफगाणांनी कत्तल केली होती, ती माणसं लष्करासाठीच मेली की. १४ जानेवारी १७६१ ला लढायला उभं राहायच्या आधीच घोडी उपासमारीनं खंगली होती, चारा आणणारा संपला की घोडदळ संपतं.

मावळता_स्वार:
आणि इंग्रजांच्या वेळी?

खोगीर७७:
तेव्हाच्या सिल्लेदार पलटणीत, म्हणजे जिथे स्वार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, साधारण दोन स्वारांत मिळून एक सईस (मोतद्दारच) आणि एक तट्टू, गवत कापून आणायचं काम त्याचं. पहिल्या महायुद्धानंतर ती पद्धत बंद झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात तर इंग्रजांचे तीन लाखांवर घोडे गेले, गोळ्यांपेक्षा दमणूक, रोग आणि उपासमारीनं जास्त.