मदत हवी आहे : वरच्या मजल्यावरील फ्लॅट, नाशिक – आधी स्लॅबवर उष्णतारोधक थर की आधी खिडक्या-दारांच्या फटी?

नमस्कार.

पाथर्डी फाट्याजवळ साधारण पंचवीस वर्षे जुन्या, चार मजली इमारतीत आमचा सर्वांत वरचा फ्लॅट आहे. डोक्यावर थेट गच्ची आहे आणि हॉल व एक बेडरूम पश्चिमेला येतात. आई-वडील दिवसभर घरीच असतात. दोघांनीही पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर त्यांना होणारा त्रास पाहवत नाही. एसी फक्त एका बेडरूममध्ये आहे. तो रात्रभर चालवला की महिन्याचा वापर ३०० युनिटच्या पुढे जातो आणि त्यापुढचे प्रत्येक युनिट वरच्या टप्प्याच्या दराने पडते. दुसरा एसी घेण्याऐवजी घरात येणारी उष्णताच कमी करावी, असे आम्ही ठरवले आहे. काम पावसाळा संपल्यावर करायचे आहे. कोणते आधी आणि कोणते नंतर, याविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

उष्णतेचा मोठा वाटा स्लॅबचा आहे, याविषयी मला शंका नाही. उन्हाळ्यात रात्री दहा वाजता छताच्या खालच्या पृष्ठाचे तापमान खोलीतील हवेपेक्षा चार-पाच अंशांनी जास्त भरते, म्हणजे बाहेर हवा सुटलेली असतानाही छत खोली तापवत असते आणि पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये काढलेल्या ‘इको निवास संहिते’त नव्या निवासी इमारतींच्या छतासाठी उष्णतावहनाची कमाल मर्यादा दर चौरस मीटर, आत-बाहेरच्या तापमानातील दर अंश फरकाला १.२ वॅट अशी दिली आहे. आमचा १५ सेंटिमीटरचा स्लॅब आणि त्यावरचा ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे व सिमेंटचा जुना थर) धरून मी हिशेब केला, तर हा आकडा दोनच्या वर जातो. त्यावर २५ मिलिमीटरचा एक्सपीएस (घट्ट फोमचा उष्णतारोधक) बोर्ड घातला तर तो ०.८ च्या आसपास येतो आणि ५० मिलिमीटरचा घातला तर ०.५ च्या आसपास. पहिल्या इंचातच बहुतेक फायदा पदरात पडतो हे खरे, परंतु मजुरी आणि वरचे प्लास्टर दोन्ही वेळी तेवढेच लागणार असल्याने माझा कल ५० मिलिमीटरकडे आहे. हा हिशेब कोणी तपासून दिल्यास आभारी राहीन.

दोन ठेकेदारांना घर दाखवले. एकाने आतून ग्लासवूल भरून पीओपीचे फॉल्स सीलिंग करण्याचा सल्ला दिला. यात सोसायटीची परवानगी लागत नाही ही सोय आहे, पण स्लॅब उन्हात तसाच तापत राहणार, दिवसा प्रसरण आणि रात्री आकुंचन चालूच राहणार आणि भेगांतून पावसाळ्यात गळती झाली तर ती सीलिंगमागे दिसणारही नाही. म्हणून मला हा उपाय पटत नाही. दुसऱ्याने गच्चीवर आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएस बोर्ड, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारे कृत्रिम धाग्यांचे) कापड आणि शेवटी प्लास्टर व पांढऱ्या टाइल्स असा क्रम सांगितला. बोर्ड वर असल्याने वॉटरप्रूफिंगचा थरही उन्हापासून वाचतो, हे मला महत्त्वाचे वाटते. साध्या थर्माकोलपेक्षा एक्सपीएस पाणी फारच कमी शोषते, त्यामुळे गच्चीवर तोच हवा, इतपत मला कळते.

अडचण वजनाची आहे. बोर्डाचे वजन नगण्य असले, तरी ५० मिलिमीटर जाडीचे प्लास्टर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो होते, शिवाय टाइल्स वेगळ्या. जुन्या कोब्यावर हा भार चालेल, की आधी कोबा काढावा लागेल? स्ट्रक्चरल इंजिनीअरचे मत घेणारच आहोत, परंतु एवढ्या जुन्या इमारतीवर कोणी असे काम करून घेतले असेल तर त्यांचा अनुभव ऐकायचा आहे.

काही शेजाऱ्यांचे म्हणणे असे की, नुसता पांढरा परावर्तक रंग द्यावा. तो स्वस्त आहे आणि मे महिन्यात उपयोगीही पडेल. मात्र नाशिकचा हिवाळा विसरून चालणार नाही. डिसेंबर-जानेवारीत येथे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि तेव्हा पांढरी गच्ची दिवसाची ऊबही परत पाठवते. बोर्ड दोन्ही ऋतूंत कामाला येतो. उलट बाजूने माझी एक शंका आहे. उन्हाळ्यातील निरभ्र रात्री उघडा स्लॅब आकाशाकडे उष्णता टाकून थोडा निवतो, बोर्डामुळे ते थांबेल. ज्या खोल्यांत एसी नाही, तेथे रात्री खिडक्या उघड्या ठेवून ही भरपाई होते का?

आता फटींविषयी. खिडक्या जुन्या ॲल्युमिनियम स्लायडिंगच्या आहेत. बंद खिडकीपाशी उदबत्ती धरली, तर दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात तिथे धूर सरळ आत वळतो, कारण तेथील लोकरी पट्टी झिजून टक्कल पडले आहे. एसीच्या तांब्याच्या नळीभोवतीचे भोकही वाळलेल्या पुटीमुळे उघडे पडले आहे. लोकरी पट्ट्या बदलणे, चौकट आणि भिंत यांतील भेगेत सिलिकॉन भरणे, दाराखाली ब्रश लावणे ही कामे किरकोळ खर्चाची आहेत. खालच्या पट्टीतील पाणी जाण्याची छिद्रे मात्र बुजवू द्यायची नाहीत, नाहीतर जुलैच्या झडीत पाणी घरात येईल.

तरीही संपूर्ण घर हवाबंद करावे असे मला वाटत नाही. हॉलमध्ये कूलर चालतो आणि कूलरला हवा बाहेर जायला खिडकी उघडीच लागते. त्यामुळे फक्त एसीची बेडरूम नीट बंद करावी आणि बाकीच्या खोल्यांत पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून बांबूच्या चटया लावाव्यात, असा माझा विचार आहे. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ओढून फारसे साधत नाही, ते बाहेरच अडवायला हवे. या विभागणीत काही चुकत असेल तर अवश्य सांगावे.

सर्वांत जास्त काळजी बाथरूमची आहे. तेथे गॅस गीझर आहे आणि वर काचेच्या पट्ट्यांचा झरोका. थंडीत वडील त्या पट्ट्यांवर पुठ्ठा लावतात. बंद जागेत गॅस गीझर चालला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध होतो. पुठ्ठा आम्ही काढायला लावला आहे. गीझर ड्राय बाल्कनीत हलवावा की विजेचा साठवणीचा गीझर घ्यावा? ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत, त्यांनी काय केले हे कृपया लिहावे. हे काम पावसाळा संपण्याची वाट न पाहता लगेच करणार आहे.

शेवटचा प्रश्न सोसायटीशी निगडित आहे. सामायिक वापरासाठी गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विचार चालू आहे. पॅनेलखाली सावली पडेल, तेव्हा त्या भागात बोर्ड घालण्याची गरज उरते का? आणि पॅनेलचे पाय आधी बसले, तर नंतर वॉटरप्रूफिंग सलग करता येईल असे मला वाटत नाही. सप्टेंबरमधील वार्षिक सर्वसाधारण सभेत मला या दोन्ही कामांचा एकत्र क्रम मांडायचा आहे. त्यामुळे त्याआधी उत्तरे मिळाली तर फार उपयोग होईल. गच्चीचे मोजमाप आणि खिडक्यांची छायाचित्रे हवी असल्यास येथे देतो.